घंटेच्या टप्प्यातला मनोरा

श्वेंडीमाट या डोंगरातल्या गावात मोबाइलला रेंज येते ती एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे चर्चमागची दफनभूमी. तिथल्या वरच्या कोपऱ्यात, कुंपणाला पाठ टेकून उभं राहिलं की फोनवर दोन काड्या उमटतात. त्यामुळे गावातली बरीचशी महत्त्वाची कामं तिथेच उरकली जातात. दातांच्या डॉक्टरची वेळ तिथून ठरते, ट्रॅक्टरचा सुटा भाग तिथून मागवला जातो. टोपी हातात धरून, मान खाली घालून कोणी उभं असलं, तर ते मयताची आठवण काढतंय की बॅटरी बघतंय हे लांबून सांगता येत नाही.

वेंडेलिन झिलमानला हा प्रकार कधीच पसंत नव्हता. गावचं टपाल त्यानं उभा जन्म सांभाळलं होतं. पुढे टपाल कचेरीच बंद झाली, तेव्हा कचेरीबरोबर तोही निवृत्त झाला. तरी गाव त्याला अजून पोस्टमास्तरच म्हणतं. माणसानं निरोप द्यावा तो खिडकीपाशी, रांगेत, शिस्तीत, असं त्याचं मत होतं. पण नुसत्या मतापायी कोणी मनोरा उभारायला निघत नाही. वेंडेलिनचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको आगाथा स्वयंपाकघरात चुलीपाशी कोसळली. हृदय. ती वाचली, घरी आली, पण डॉक्टरांनी बजावलं की हिच्या गळ्यात धोक्याचं बटण हवं. दाबलं की थेट लुसर्न शहरातल्या मदत केंद्राला कळतं आणि गाडी निघते. वेंडेलिननं बटण आणलं. आणल्यावर कळलं की ते मोबाइलच्या रेंजवर चालतं. जुना तारेचा फोन होता तो कंपनीनं आदल्याच वर्षी बंद केलेला. म्हणजे आगाथाला धोका झाला तर तिनं आधी दफनभूमीत जायचं आणि मग बटण दाबायचं, असा हिशेब झाला. वेंडेलिननं बटण टेबलाच्या खणात, सुतळीच्या गुंड्यामागे ठेवून दिलं.

तोवरची सोय म्हणून आगाथानं माळ्यावरून आपल्या वडिलांच्या गाईची घंटा काढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली. घंटा वाजली की वेंडेलिन येणार. त्याचे कान गावात प्रसिद्ध होते. शरदात गुरं डोंगरावरून उतरायची तेव्हा नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, ही कोणाची आणि कितवी गाय. त्यामुळे व्यवस्था चोख होती. एवढंच, की घंटा ऐकू येणार नाही अशा ठिकाणी त्याला जाता येईना. ओढ्याच्या पुलापलीकडे 'क्रोने' नावाची खाणावळ आहे. तिथला गुरुवारचा पत्त्यांचा डाव त्यानं सोडला. तिथला दिवा डोळ्यांना सोसत नाही, असं त्यानं सांगितलं. दिवा बिचारा होता तसाच होता.

तर अशा परिस्थितीत टेलिफोन कंपनीचा माणूस दारात आला आणि म्हणाला की खोऱ्यात मनोऱ्याला सगळ्यात सोयीची जागा तुमचं परस आहे. वेंडेलिननं विचार करायला वेळ मागितला आणि माणूस फाटकापर्यंत पोचायच्या आत त्याला परत बोलावलं. अर्ज कंपनीचा, जागा वेंडेलिनची. त्याला वाटलं, सगळ्या गावाला रेंज हवी आहे, सगळं गाव दफनभूमीत उभं राहून कंटाळलंय, तेव्हा हे काम चुटकीसरशी होईल. टपालात जन्म घालवलेल्या माणसानं कुठल्याही कामाबद्दल असं समजू नये.

पहिलं घोडं अडलं ते रेघेवर. गावाच्या नकाशात एक रेघ आहे. अलीकडे बांधकामाची जमीन, पलीकडे शेतीची. ही रेघ कोणी आणि कुठल्या मनःस्थितीत ओढली ते आता विचारता येत नाही, पण ती वेंडेलिनच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून जाते. म्हणजे कोंबड्या दाणे टिपतात शेतीच्या जमिनीत आणि अंडी घालतात बांधकामाच्या जमिनीत. याला आजवर कोणी आक्षेप घेतला नव्हता. पण कंपनीच्या माणसानं मनोऱ्याची लाल खुंटी ठोकली ती खुराड्याच्या पलीकडे, आणि पालिकेच्या चिटणीस कोर्नेलिया रेंग्ली नकाशा आणि फीत घेऊन हजर झाल्या.

रेंग्लीबाई वयानं लहान होत्या, पण नियम त्यांना तोंडपाठ होते आणि ते म्हणताना त्या कधी हसत नसत. त्या म्हणाल्या की शेतीच्या जमिनीत मनोरा उभारायचा तर तो दुसरीकडे कुठेच उभा राहू शकत नाही हे सिद्ध करावं लागेल. वेंडेलिननं खुंटी खुराड्याच्या अलीकडे आणली. तिथे नासपतीचं झाड होतं. नासपती फार जुनी, म्हणजे पालिकेच्या रक्षणाखालची, म्हणजे तिच्या मुळांनाही रक्षण. मुळं कुठवर गेली आहेत ते नासपतीला ठाऊक. खुंटी आणखी घराकडे सरकली आणि शेवटी आगाथाच्या घेवड्याच्या वाफ्यात येऊन थांबली. तिथे कुठलाच नियम नव्हता.

आगाथानं वाफा बघितला, खुंटी बघितली आणि रेंग्लीबाईंना काचेच्या पेल्यातून नासपतीची दारू घातलेली कॉफी आणून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं घेवडा उपटून कुंपणालगत लावला. बोलली काहीच नाही. वेंडेलिनला वाटलं, संमती आहे. लग्न इतकं जुनं झाल्यावरही माणूस असल्या चुका करतो.

मग खांब उभा राहिला. खरा मनोरा नव्हे, नमुन्याचा खांब. या मुलुखात काहीही बांधायचं झालं की आधी तेवढ्याच उंचीचा नमुना उभा करून ठेवायचा. पुढे काय वाढून ठेवलंय ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं आणि ज्याला हरकत घ्यायची त्यानं सावकाश घ्यावी. साधा गोठा वाढवायचा तरी चार काठ्या रोवाव्या लागतात. वेंडेलिनच्या परसातला खांब पातळ ॲल्युमिनियमचा होता, आतून पोकळ, चारी बाजूंनी तारांनी ताणून धरलेला. त्यात वीज नव्हती, यंत्र नव्हतं, काहीच नव्हतं. तरीही तो उभा राहिला त्या आठवड्यात बेकरीवाल्याची झोप उडाली, आणि शाळेच्या शिपायाला घरात बसल्या बसल्या रेंज यायला लागली. वेंडेलिन दोघांनाही समजावून सांगायला गेला. दोघांनीही त्याला सांगितलं की तू टपालातला माणूस, तुला यातलं काय कळतंय.

सल्ले तर फुकटच असतात. कोणी म्हणालं, खांबाला हिरवा रंग दे म्हणजे देवदारासारखा दिसेल. कोणी म्हणालं, वर पत्र्याचा कोंबडा बसव म्हणजे लोकांना चर्च वाटेल. रविवारी प्रार्थनेनंतर एकानं गंभीरपणे सुचवलं की खांब जरा बुटका कर. मग रेंज कुठून येणार असं विचारल्यावर तो म्हणाला की रेंजचं मी बोलतच नाहीये, मी दिसण्याबद्दल बोलतोय. आणि हे सगळं तो भाड्यासाठी करतोय असंही मागे बोललं जात होतं. जागेचं भाडं त्यानं गावच्या बँडला लावून दिलं होतं, ते बँडमधल्यांनाही ठाऊक होतं. तरी बँडमधलेच जास्त बोलत होते. त्या दिवशी वेंडेलिन जेवला नाही, आणि आगाथानं कारण विचारल्यावर म्हणाला की बटाटे कच्चे होते. बटाटे उत्तम शिजलेले होते.

पहिली हरकत आली ती फ्रीडा लुस्टेनबर्गरकडून. फ्रीडाबाई निवृत्त शिक्षिका. निम्म्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं होतं, त्यात वेंडेलिनही आला. गावाचं जुनं रूप जपायला जी समिती आहे तिच्या त्या अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं. खालच्या रस्त्याला एक बाक आहे, तिथे बसून गाव बघायचं असतं. त्या बाकावरून बघितलं तर झिलमानच्या परसातला खांब चर्चच्या कळसापेक्षा उंच दिसतो. परमेश्वरापेक्षा उंच काही दिसलेलं त्यांच्या समितीला चालत नाही.

वेंडेलिन त्यांच्या घरी गेला. चढावर आहे म्हणून उंच दिसतो, प्रत्यक्षात कळसाच्या खांद्यापर्यंतच आहे, हे त्यानं चमचा आणि साखरदाणी मांडून दाखवलं. फ्रीडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वेंडेलिन, ताठ बस. मग दोघं मिळून बाकावर जाऊन बसले. वेंडेलिन डावीकडे सरकला, आणखी सरकला, बाक संपला तरी सरकला, आणि उभा राहून म्हणाला की इथून बघा. तिथून खांब बरोबर कळसाच्या मागे दडत होता. म्हणजे प्रश्न खांबाचा नव्हता, बाकाचा होता.

बाक हलवायचं ठरलं. पण बाक होता शेतीच्या जमिनीत, आणि शेतीच्या जमिनीतलं बांधकाम सरकवायचं तर त्यालाही परवाना लागतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. रेंग्लीबाई पुन्हा आल्या. बाकाच्या नव्या जागी चार काठ्या रोवल्या गेल्या, पाठ टेकायची जागा कळावी म्हणून वर एक आडवी पट्टी. ठरलेली मुदत सगळं गाव येता-जाता त्या काठ्या बघत होतं. कोणी हरकत घेतली नाही. बाक सरकला, फ्रीडाबाई त्यावर बसल्या, गाव पूर्वीसारखं दिसलं, आणि त्यांनी हरकत मागे घेतली. बाकावर ऊन कमी येतं एवढी तक्रार केली, पण ती तोंडी.

खरी पंचाईत शेजारच्या थेडी स्टाडेलमाननं केली. थेडीच्या गाई वेंडेलिनच्या कुंपणाला पाठ घासायच्या आणि थेडी गुरुवारच्या डावात त्याचा भिडू होता. मनोऱ्याबद्दल थेडीचं स्वतःचं असं काही मत नव्हतं. पण हरकत घेण्याचा हक्क सगळ्यांना नसतो. मनोऱ्याच्या ताकदीवरून नकाशावर एक वर्तुळ काढतात, आणि त्या वर्तुळात जो राहतो त्यालाच बोलता येतं. वर्तुळ थेडीच्या गोठ्यापाशी संपत होतं. गोठा आत, घर बाहेर. म्हणजे थेडीच्या गाईंना हरकत घेता येत होती आणि थेडीला नाही, असं तो स्वतःच क्रोनेत सगळ्यांना सांगत सुटला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. ज्या माणसाचा बाप आणि आजा या गावच्या प्रत्येक बांधकामाला हरकत घेत आले, त्याला नुसतं बघत बसायला सांगणं म्हणजे घोर अपमान.

थेडीनं गोठ्यात खाट टाकली. एक टेबल नेलं, दोन खुर्च्या, कंदील, भिंतीला वडिलांचा फोटो, आणि पालिकेला कळवलं की आजपासून माझा मुक्काम इथे. मग हरकत घेतली. वेंडेलिन त्याला भेटायला गेला तेव्हा तो गाईंच्या मध्ये खोकत बसला होता. वेंडेलिननं विचारलं की तुला नेमकं काय खटकतंय. थेडी बराच वेळ विचार करून म्हणाला की ते अजून ठरलेलं नाही, पण हक्क हा हक्क. वेंडेलिननं घरून मधाचा चहा आणून दिला. बोलणं नव्हतं, पण चहा रोज पोचत होता.

याच दिवसांत, ऑगस्टात, एकदा वेंडेलिन ओढ्याच्या पुलावर उभा होता. क्रोनेच्या खिडकीतून पत्ते आपटल्याचा आवाज येत होता, आणि तो आपण काही कामानिमित्त तिथे आलो आहोत अशा चेहऱ्यानं पाण्याकडे बघत होता. घंटा वाजली. तो इतका धावला की एक चप्पल वाटेत राहिली. घरात शिरला तर आगाथा खिडकीशी घेवडा सोलत बसलेली. काय झालं, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. येतोस का बघितलं."

वेंडेलिन त्या संध्याकाळी तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. तिनं आणून दिलेली चप्पलही त्यानं घातली नाही.

थेडीची हरकत मिटली ती थेडीमुळे नव्हे, गाईमुळे. पहिलारू गाय अडली, वासरू आडवं, आणि थेडीला गुरांच्या डॉक्टरला फोन करायला दफनभूमीपर्यंत पळावं लागलं. तिथे पाद्री एका अंत्यविधीत होते. थेडी मयताच्या नातेवाइकांमध्ये उभा राहून गाईच्या पोटातल्या पायांची दिशा ओरडून सांगत होता. गाय वाचली, वासरूही वाचलं, पण थेडीची गावात उरलीसुरली अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जाऊन हरकत मागे घेऊन आला. खाट मात्र गोठ्यातच राहिली. लगेच हलवली तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं.

आता सगळं मिटलं होतं. वेंडेलिननं खणातलं बटण काढून पुसलं आणि पुन्हा सुतळीमागे ठेवलं. जागेवरची सुनावणी तेवढी राहिली होती, तीही नावापुरती. ऑक्टोबरातली सकाळ, खाली खोऱ्यात धुकं, वर स्वच्छ ऊन. खांबाखाली एक लांब टेबल मांडलं. एका बाजूला कंपनीचा माणूस आणि वेंडेलिन, मधे रेंग्लीबाई, समोर हरकतदारांसाठी बाक. तो रिकामा होता. थेडी आणि फ्रीडाबाई केवळ बघायला म्हणून कुंपणापाशी उभे होते. आगाथानं सगळ्यांना कॉफी दिली, नासपतीचं सारण भरलेली पोळी कापून दिली आणि ती आत गेली.

रेंग्लीबाईंनी कागद नीट केले आणि म्हणाल्या की एक हरकत अजून शिल्लक आहे. वेंडेलिननं कंपनीच्या माणसाकडे बघितलं. कंपनीचा माणूस म्हणाला की हो, कोणी झिलमान आहेत, पण या गावात दर तिसरा माणूस झिलमान, तेव्हा मी म्हटलं असतील कोणी भाऊबंद. वेंडेलिन मनातल्या मनात सगळे भाऊबंद तपासू लागला आणि त्यातला एकही त्याला निर्दोष वाटेना.

तेवढ्यात दार उघडलं. आगाथा बाहेर आली. तिनं ॲप्रन काढला होता आणि अंगात चर्चला जायचा काळा कोट होता. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि हरकतदारांच्या बाकावर, नवऱ्यासमोर, हात मांडीवर ठेवून बसली.

वेंडेलिनचा कॉफीचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला होता. तिच्यासाठी तो रेघेशी भांडला होता, मुळांशी भांडला होता, बाक हलवून आला होता, त्यानं गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आणि शेवटची हरकत आली ती घरातून.

"झिलमानबाई, हरकत कशाला आहे?" रेंग्लीबाईंनी विचारलं. "उंचीला, जागेला की लहरींना?"

"मनोऱ्याला नाहीच," आगाथा म्हणाली. "मनोरा होऊ दे. मयतांच्या उशाशी उभं राहून गाई-वासरांच्या गोष्टी बोलू नयेत, हे मलाही कळतं. माझी हरकत बटणाला आहे."

रेंग्लीबाई म्हणाल्या की बटणाचा अर्ज आपल्यासमोर नाही.

"बटण मनोऱ्यावर चालतं. मनोरा माझ्या घेवड्यात उभा राहतोय. मग मी बोलायचं तरी कुठे?"

रेंग्लीबाईंनी यावर विचार केला आणि पुढे बोला असं खुणावलं.

"इतकी वर्षं हा टपालाच्या खिडकीत होता," आगाथा म्हणाली. ती रेंग्लीबाईंकडे बघून बोलत होती. "गावातल्या कोणीही काचेवर टकटक केली की हा उभा. घरात मी सकाळी काही म्हटलं तर याला ते रात्री जेवताना ऐकू यायचं, तेही अर्धं. आता माझं हृदय बिघडलंय, तर मी घंटा वाजवते आणि हा येतो. हातातलं टाकून, धापा टाकत येतो. बटण आलं की मी ते दाबणार, आणि लुसर्नहून कोणी मुलगी विचारणार, झिलमानबाई, काय होतंय. मुलगी चांगलीच असेल. पण मला ती नकोय. आणि हा जाणार पत्ते खेळायला."

वेंडेलिनचे कान लाल झाले. भर सभेत, पालिकेसमोर, पत्त्यांचा उल्लेख झाला होता. स्वतःच्या मानासाठी काहीतरी तिखट बोलावं म्हणून तो उठला, पण उठल्यावर वेगळंच बोलला.

"आणि तुला खरंच काही झालं तर? घंटा ऐकून मी येईन. आल्यावर काय करू, आगाथा? गेल्या हिवाळ्यात तुला चुलीपाशी तशीच टाकून मी बर्फातून दफनभूमीत पळालो होतो, फोन करायला. बोटं चालत नव्हती. परत येताना मला धीर होत नव्हता दार उघडायचा. तू आहेस की नाहीस, हे दाराच्या बाहेर उभं राहून कसं कळणार?"

आगाथानं पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "हे तू कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

कुंपणापाशी फ्रीडाबाईंनी रुमाल काढला आणि थेडीनं टोपी. कंपनीच्या माणसाला कुठे बघावं कळेना, म्हणून तो खांबाकडे बघत राहिला.

रेंग्लीबाई घसा साफ करून म्हणाल्या की बाईंचं कारण कायद्यात बसत नाही, पण हरकत समजुतीनं मागे घेतली जात असेल तर परवान्याला अट जोडता येते. आगाथानं लगेच अट सांगितली. मनोरा झाल्यावरही रोजच्या दिवसात यानं घंटेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. बाजाराला, डॉक्टरकडे जाऊ दे. पण एरवी नाही. वेंडेलिन म्हणाला की मग माझीही अट लिहा, हिनं बटण गळ्यातून काढायचं नाही. दोघंही एकमेकांकडे न बघता रेंग्लीबाईंना सांगत होते, आणि रेंग्लीबाई दोन देशांचा तह लिहावा तशा गंभीरपणे लिहून घेत होत्या.

मग त्यांची लेखणी थांबली. टप्पा म्हणजे कुठपर्यंत, असं त्यांनी विचारलं. मोजता न येणारी अट वरची कचेरी परत पाठवते. तेव्हा मोजणं आलं.

ठरलं ते असं: आगाथा खिडकीत घंटा वाजवत राहील, वेंडेलिन चालत जाईल आणि ऐकू येतंय तोवर हात वर करील. साक्षीदार म्हणून थेडी बरोबर. रेंग्लीबाई फीत आणि नकाशा घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. घंटा वाजली आणि वेंडेलिन निघाला. खुराड्यापाशी त्यानं हात वर केला. नासपतीपाशी केला. कुंपणाच्या फाटकापाशी, थेडीच्या कुरणात, थेडीच्या गोठ्यापाशी केला. पुढे उतार लागतो. उतार संपला की ओढा, ओढ्यावर पूल, पुलापलीकडे क्रोने.

दोघं पुलापर्यंत गेले. घंटा वाजत होती. लांबून, पण स्वच्छ, एकेक ठोका वेगळा. वेंडेलिननं क्रोनेच्या खिडकीकडे बघितलं. तो गुरुवारच होता, आणि आत कोणीतरी गड्डी पिसत होतं. घंटा पुन्हा वाजली. वेंडेलिनचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते तिथेच राहिले.

थेडी त्याच्याकडे बघत होता. "वेंडेल," तो म्हणाला, "मला ऐकू येतंय. म्हणजे मला, लेका. मी अर्धा बहिरा."

"तुझे कान चांगले आहेत," वेंडेलिन म्हणाला आणि मागे वळला.

दोघं चढ चढले. गोठ्यापाशी आल्यावर थेडी म्हणाला की आत खाट आहे, टेबल आहे, कंदीलही आहे, मग उगाच ओढा ओलांडून जायचं कशाला. गुरुवारी बाकीच्यांनाच इकडे बोलावतो. वेंडेलिननं मान हलवली. खरं तर त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण घशात धुकं गेलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं.

टेबलापाशी रेंग्लीबाई वाट बघत होत्या. त्यांनी शेवटची जागा विचारली. वेंडेलिननं थेडीचा गोठा असं सांगितलं, आणि थेडी डोंगराकडे बघत साक्षीला उभा राहिला. रेंग्लीबाईंनी नकाशावर खूण केली. आगाथा खिडकी सोडून बाहेर आली होती.

"पुलापाशी नाही आली ऐकू?" तिनं विचारलं.

"नाही."

"ऑगस्टात आली होती."

"ऑगस्टात वारा होता," वेंडेलिन म्हणाला.

आगाथानं सही केली. मग काळ्या कोटाच्या खिशात हात घालून तिनं बटण काढलं, तेच, जे टेबलाच्या खणात सुतळीच्या गुंड्यामागे आहे आणि कोणाला ठाऊक नाही असं वेंडेलिन समजत होता. तिनं ते डोक्यावरून गळ्यात घातलं आणि कॉलर सरळ केली. मनोरा व्हायला अजून बरेच महिने होते, आणि डोक्यावर होता तो पोकळ खांब. तोवर ते बटण दाबलं असतं तरी कोणालाही काही कळणार नव्हतं. तरी ती ते तसंच गळ्यात घेऊन कॉफीचे पेले धुवायला आत गेली, आणि तिनं घंटा वाजवली नव्हती तरी वेंडेलिन फडकं घेऊन तिच्यामागे गेला.